‘कडी काढ’ कुणावर आहे?

लोक म्हणतात, सर, तुमच्याकडं किस्से लई असतात. असतात, पण ते मी जमवलेले नाहीत. मी फक्त चार मिनिटांचं एक गाणं लिहिलं. किस्से लोकांनी घरपोच आणून दिले. कुणी टपरीवर दिले, कुणी फोन करून, कुणी बसस्टँडवर दंडाला धरून. आता कुणी नुसतं ‘सर, एक विचारू का?’ म्हणालं तरी माझे खांदे पडतात. पुढचा प्रश्न मला पाठ आहे. ‘ते गाणं नेमकं कुणावर आहे?’

आधी आमची ओळख. मी धाराशिवच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास तेवढा पगार, आणि सुट्टीत मी कोण आणि कॉलेज कोण! अकरा वर्षं झाली. शनिवार-रविवार आमचा रॉक बँड असतो. नाव ‘थ्री फेज’. गिटारवर आसिफ, त्याचं स्पीकर-ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. ड्रमवर बळीराम, तो येरमाळ्याचा, हायवेला टायरचं दुकान चालवतो. गाणी मी लिहितो आणि मीच गातो, कारण तिसरं कुणी नाही. नाव बळीरामनं सुचवलं. म्हणाला, “आपल्याकडं थ्री फेज आली की माणसं हातातलं काम टाकून मोटार लावायला पळत्यात. आपल्याला बघून बी पळावीत.” पळतात. कुठल्या दिशेनं ते विचारू नका.

तर ते गाणं.

माझे वडील, म्हणजे अण्णा, परंड्याला हेडमास्तर होते. अख्ख्या तालुक्यातली पोरं त्यांच्या हाताखालून गेली. चाळीस वर्षांपूर्वीचा विद्यार्थी रस्त्यात भेटला तर नावासकट हजेरी क्रमांक सांगायचे. त्यांचा सगळा मान त्या आठवणीवर उभा होता. आता ते धाराशिवला माझ्याकडं असतात. दोन वर्षांपासून ते विसरायला लागलेत. एका सकाळी आंघोळीला गेले, आतून कडी लावली आणि ती काढायची कशी हेच विसरले. मी दीड तास दाराबाहेर. “अण्णा, कडी काढा. वरची. डावीकडं सरकवा.” आतून काही नाही. बऱ्याच वेळानं आवाज आला, “कोण आहे बाहेर?”

शेवटी आसिफ हत्यारांची पिशवी घेऊन आला आणि त्यानं बिजागऱ्याच काढल्या. अण्णा पालथ्या बादलीवर बसले होते, टॉवेल नीट गुंडाळून. आसिफला म्हणाले, “कडी नादुरुस्त दिसते. बदलून घ्या.”

आम्ही बदलली नाही. घरातल्या सगळ्या दारांच्या आतल्या कड्या काढून टाकल्या. तेव्हापासून आमच्याकडं आलेला पाहुणा बाथरूममध्ये गेला की बाहेर येईपर्यंत मोठ्यानं गुणगुणत राहतो. आत कुणी आहे हे कळावं म्हणून. बँडपेक्षा आमच्या बाथरूममध्ये जास्त गाणी झालीत.

त्याच आठवड्यात मी लिहिलं –

कडी काढ, कडी काढ
आतून तूच लावलीस, तूच काढ
बाहेर आम्ही उभे आहोत
नाव घेऊन हाका मारतो आहोत

अण्णांना मी जन्मात कधी ‘तू’ म्हटलेलं नाही. गाण्यात म्हटलं, कारण तेवढीच एक जागा होती. आणि हे गाणं कुणावर आहे ते आम्हा तिघांपलीकडं जाऊ द्यायचं नाही असं ठरलं. हेडमास्तरांना कडी काढता येईना, ही गोष्ट परंड्यात पोचायला एक एसटीची फेरी पुरते. अण्णांच्या कानावर गेली असती तर ते पुन्हा कुणासमोर आले नसते. तेव्हा गाणं गायचं आणि अर्थ विचारला की गप्प बसायचं. किती सोपं वाटलं होतं!

* * *

पहिल्यांदा वाजवलं ते तुळजापुरात, एका लॉजच्या उद्घाटनाला. त्यांनी ऑर्केस्ट्रा सांगितला होता, ऑर्केस्ट्रावाल्यांची गाडी बंद पडली, म्हणून आम्ही. समोर भाविक, मालकाचे पाहुणे आणि पहिल्या रांगेत एका पक्षाचे तालुक्याचे नेते. गाणं संपलं तसे ते स्टेजवर आले, माझा हात हातात घेतला आणि माईकवरच म्हणाले, “लई धाडस केलं सर! आमदार हॉटेलात कोंडून घेत्यात आन् बाहेर जनता हाका मारती. जनतेच्या मनातलं बोलला तुमी!” शाल घातली. मी ‘तसं नाही’ म्हणायला तोंड उघडलं तर त्यात पेढा घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या पक्षाचा एक कार्यकर्ता कॉलेजच्या गेटवर. अगदी नम्र माणूस.

“सर, ते गाणं आमच्या साहेबांवर हाय म्हणं?”

“नाही हो. कुठल्याच साहेबांवर नाही.”

“मंग कुणावर हाय? एक नाव सांगा, आमी समाधानी.”

मी गप्प. तो मान हलवत म्हणाला, “बघा, म्हंजी आमच्याच साहेबांवर हाय.”

* * *

येरमाळ्याला बळीरामच्या दुकानात एक तात्या ट्रॅक्टरचा टायर घेऊन आले. बळीरामनं कौतुकानं मोबाईलवर गाणं लावलं. तात्यांनी ते तीनदा ऐकलं. मी तिथंच बाकावर बसलो होतो. मी लिहिलंय हे बळीरामनं सांगितलं, पण तात्यांनी त्याला फारसं महत्त्व दिलं नाही.

“हे बाजार समितीवर हाय,” ते म्हणाले. “कडी म्हंजी गेटची. कांद्याच्या गाड्या बाहीर उभ्या, आतून कडी लावून व्यापारी बसल्यात. न्हाय का?”

“आणि ‘नाव घेऊन हाका मारतो’?” मी न राहवून विचारलं. मास्तरची खोड.

“नाव म्हंजी मतदार यादीतलं. समितीची निवडणूक लागली का आपली नावं कटत्यात. म्हणून नाव घिऊन.”

पाऊण तासात तात्यांनी गाण्याची एक ओळ मोकळी सोडली नाही. गिटारचा मधला तुकडा म्हणजे हमालांचा संप, हेही त्यांनी सिद्ध केलं. मी अकरा वर्षं कविता शिकवतोय, इतकी स्वच्छ कधी शिकवली नाही. जाताना मला म्हणाले, “सर, लिव्हलंय चांगलं. पर तुमाला त्यातलं कळत न्हाय.”

* * *

मग निवडणुका लागल्या आणि आचारसंहिता आली. परंड्यात एका मंडळाचा कार्यक्रम आधीच ठरला होता. मंडळाचे अध्यक्ष घाबरून आले. “सर, गाण्याचा अर्थ लिहून द्या. बाँडवर.”

“अर्थ बाँडवर?”

“व्हय. उद्या काय झालं तर आमच्याकडं कागद पायजे.”

खरा अर्थ लिहून द्यायचा म्हणजे अण्णांच्याच गावात अण्णांची दवंडी. तिघांनी विचार केला आणि मी लिहून दिलं, ‘मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, सदर गाण्यास कोणताही अर्थ नाही.’ नोटरी वकिलांनी ते दोनदा वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. “तुम्ही मराठीचेच ना?” मी हो म्हटलं. “मग ठीक आहे,” म्हणाले आणि शिक्का मारला.

मला वाटलं, सुटलो. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी त्या बाँडचा फोटो सगळ्या ग्रुपवर! वर लिहिलेलं, ‘व्यवस्थेला आता काहीही अर्थ उरला नाही – धाराशिवच्या कवीचं जळजळीत प्रतिज्ञापत्र!’ नोटरींचा फोन आला. “अहो, हे सरळ सरळ राजकीय आहे! माझा शिक्का आहे त्यावर!” माझ्या गाण्याला निदान ड्रम तरी होते, या कागदाला तेवढंही नव्हतं.

* * *

बळीराम सगळ्यांत आधी वैतागला. तो तसा शांत माणूस. त्याचा सगळा राग ड्रमवर निघतो, बाहेर काही उरत नाही. एका दुपारी प्रॅक्टिसला काठ्या खाली ठेवून म्हणाला, “सर, शब्दच काढून टाका. नुसतं वाजवू. वाजवण्याला काय अर्थ लावत्याल?”

पटलं. पुढचा कार्यक्रम धाराशिवात होता. मी माईकपासून लांब उभा राहिलो. आसिफनं गिटारवर चाल वाजवली, बळीराम मान खाली घालून ठोकत राहिला. एक शब्द नाही. प्रेक्षकांत आधी कुजबुज, मग एकदम शांतता. संपल्यावर मागून एक माणूस उठून उभा राहिला आणि थरथरत्या आवाजात ओरडला, “शब्द काढायला लावले! सरांवर दबाव आला!”

अख्खं मैदान उभं. आमच्या बँडला मिळालेल्या सगळ्यांत मोठ्या टाळ्या त्या. आसिफ वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाला, “आता वाजवणं पण बंद करून बघू का सर? क्रांतीच होईल.”

* * *

कॉलेजात राज्यशास्त्राचे एक सर आहेत, माझे चांगले मित्र. त्यांनी मला न सांगता चाचणी परीक्षेत प्रश्न घातला, ‘‘कडी काढ’ या गीतातील राज्यसंस्थेची भूमिका स्पष्ट करा. गुण दहा.’ आणि नेमकं त्या वर्गावर सुपरव्हिजन माझं!

मी रांगांतून फिरतोय. मुलं पानंच्या पानं भरतायत. कुठं ‘सत्तेचे केंद्रीकरण’, कुठं ‘नागरी समाजाचा आक्रोश’. खिडकीजवळच्या एका मुलीचं पान कोरं होतं. तिनं वर बघून हळूच विचारलं, “सर, एक तरी मुद्दा सांगा ना. तुम्हीच लिहिलंय.”

मला मुद्दा आठवला तो पालथ्या बादलीचा. टॉवेल नीट गुंडाळलेला. मी म्हटलं, “मला येत नाही गं.” तिला वाटलं मी नियमाला धरून आहे. म्हणाली, “सॉरी सर.” त्या दिवशी मात्र घरी येऊन माझी चाली जुळवायची गिटार असते त्या खोलीत मी नुसता बसून राहिलो. चीडही आली नाही. दमल्यासारखं झालं होतं.

* * *

याच वर्षी आमच्या विषयाची कायम जागा निघाली. अकरा वर्षं जिची वाट बघितली ती. मुलाखत घ्यायला पाच जण. मधे संस्थेचे अध्यक्ष, ज्यांच्या पक्षाचं नाव मी घेत नाही, कारण मी लिहीपर्यंत बदललं असेल. त्यांच्या शेजारी एक संचालक, मूळचे परंड्याचे, अण्णांचे विद्यार्थी. मला बघून हसले, मला धीर आला.

मराठी कवितेवर एकही प्रश्न नाही. अध्यक्षांनी मोबाईल टेबलावर ठेवला आणि गाणं लावलं. चारही मिनिटं. पाच माणसं समित्यांचे अहवाल ऐकतात तशी ऐकत होती.

“सर, तुम्ही काम चांगलं करता. मुलं तक्रार करत नाहीत,” अध्यक्ष म्हणाले. “पण माणूस आपल्यात घ्यायचा म्हणजे तो कुणाचा आहे ते कळायला पाहिजे. हे गाणं कुणावर आहे? आज इथं सांगायचं आणि विषय संपवायचा.”

बाहेर आणखी चार उमेदवार बसले होते. माझी मुलगी दहावीला आहे. मी टेबलाकडं बघून सांगून टाकलं. बाथरूम, कडी, दीड तास, बिजागऱ्या, सगळं. सांगताना माझाच आवाज मला कुणा चुगलखोराचा वाटत होता. संपलं तेव्हा शिपायानं ठेवलेला चहा तसाच होता.

अध्यक्षांनी बराच विचार केला. मग पुढं झुकून, अगदी समजुतीच्या सुरात विचारलं,

“वडील कोणत्या गटाचे?”

* * *

परंड्याच्या त्या संचालकांना मात्र चैन पडेना. रविवारी सकाळी ते पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आले. मला म्हणाले, “गुरुजींना असं काय झालं असंल, हे मनाला पटंना. भेटतो आन् जातो.”

अण्णा धोतर नेसून खुर्चीत बसले होते. संचालकांनी पाया पडून विचारलं, “गुरुजी, ओळखलंत का?”

अण्णांनी मान तिरपी करून बघितलं. “हजेरी क्रमांक तेवीस. मागच्या बाकावर बसायचास. वडिलांची पिठाची गिरणी, पोलीस स्टेशनाच्या मागं. पाढे सतराच्या पुढं येत नव्हते तुला.”

संचालकांचे डोळे भरले. अर्धा तास दोघं बोलले. अण्णांनी त्यांच्या वर्गातली बावीस नावं ओळीनं सांगितली. सकाळी नाश्ता केला की नाही हे त्यांना आठवत नव्हतं, आणि ते कुणी विचारलं नाही. मी दारात उभा होतो. एकीकडं मला आनंद होत होता, खोटं कशाला बोलू, अण्णांना इतकं लखलखीत मी कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. आणि दुसरीकडं काय चाललंय तेही कळत होतं.

जाताना ते मला फाटकापर्यंत घेऊन गेले. आवाज एकदम खाली आणून म्हणाले, “सर, राजकारण समदेच करत्यात. आमी बी करतो. पर त्याच्यासाठी देवमाणूस बापाला वेडं ठरवू नये.”

मी चप्पलही न घालता त्यांच्या गाडीपर्यंत गेलो आणि दार लावून दिलं.

जागा दुसऱ्याला गेली. पोरगा हुशार आहे, माझाच विद्यार्थी. त्याला अजून कुठलं गाणं सुचलेलं नाही.

* * *

त्याच रविवारची गोष्ट. संचालक गेले आणि मी आत आलो, तर अण्णा खुर्चीत ताठ बसलेले. हेडमास्तरच्या ऑफिसात बसायचे तसे.

“तो तेवीस नंबर निघताना पाया पडला तेव्हा काहीतरी म्हणाला. तुझ्या गाण्यावरून गावात गोंधळ चाललाय म्हणे?”

“काही नाही अण्णा. लोकांना उद्योग नाही.”

“ऐकव.”

“कशाला उगाच?”

“ऐकव म्हणतो ना.”

लिहिल्यापासून हे गाणं मी घरात गुणगुणलोसुद्धा नव्हतो. आसिफ तेवढ्यात ॲम्प्लिफायर परत द्यायला आला होता. तो दारातच थबकला, मी नको म्हणून मान हलवत होतो, आणि अण्णा वाट बघत होते. शेवटी मी गिटार काढली. कार्यक्रमात गातो तसंच सुरू केलं, वरच्या पट्टीत.

दोनच ओळी झाल्या आणि अण्णांनी हात वर केला. शाळेत कविता म्हणताना चुकलं की करायचे तसा.

“ओरडतोस कशाला एवढा?” ते म्हणाले. “आतला माणूस आधीच घाबरलेला असतो.”

आसिफनं ॲम्प्लिफायर खाली ठेवला. मी पुन्हा सुरू केलं, हळू, जवळजवळ बोलल्यासारखं. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. एक बोट गुडघ्यावर ताल धरत होतं. कडवी झाली, शेवटची हाक झाली, मी तारांवर हात ठेवला. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, तेवढाच आवाज.

“चांगलं आहे,” अण्णा म्हणाले. “ज्याच्यावर लिहिलंस, त्याला ऐकवलंस का?”

मी आसिफकडं बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

“ऐकवलं, अण्णा.”

अण्णा खुर्चीत पुढं सरकले. त्यांना खरोखर उत्सुकता होती.

“मग? काय म्हणाला तो?”